टाऊ भूतप: ग्रहाआधी तापमान सापडलं

मंडळी, टाऊ भूतप या ताऱ्याभोवतीचा ग्रह पकडायला आमचा वर्णपटमापक लावलाय: ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा किती सरकतात, त्यावरून त्याचा मागेपुढे होण्याचा वेग काढायचा. आलेखात वक्र उमटलाय. गुळगुळीत, देखणा. फक्त तो ग्रहाचा नाही. एका रात्रीत टाऊ भूतप जवळजवळ ३ किमी/से सरकला. ग्रहाच्या ओढीनं तो ३.३१ दिवसांच्या फेरीत जेमतेम ४७० मी/से मागेपुढे व्हायला हवा. संशय आला म्हणून शेजारच्या स्वातीवर दुर्बीण वळवली, तर तीही तशीच सरकली! म्हणजे हलतोय तो आमचा वर्णपटमापकाचा ॲल्युमिनियमचा डबा.

हिशेब बघा. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.१ अँगस्ट्रॉमचा (हे तरंगलांबीचं एकक), म्हणजे हायड्रोजन-अल्फा या तांबड्या रेषेपाशी साडेचार किमी/से. ग्रहाचा वाटा त्याचा दहावा भाग, ३.८ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ०.४ मायक्रॉन. आणि १० सेंटिमीटर ॲल्युमिनियम तापमानाच्या दर अंशाला २.३ मायक्रॉन फुगतं. कोल्हापुरात एप्रिलमध्ये गच्चीवर नऊला घाम पुसायचा आणि पहाटे चादर शोधायची. डबा घडवणाऱ्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याच्या कामात काही खोट नाही. थ्रीडी प्रिंटवाल्यांनी हसू नये, त्यांचं पीएलए प्लास्टिक याहून जास्त फुगतं.

नियॉन दिव्याच्या ठाऊक रेषांशी ताडून दुरुस्ती करू म्हटलं, तर ६७१७ अँगस्ट्रॉमनंतर थेट ६९२९ ला रेषा. (महागडा दिवा घेऊ नका, इंडिकेटरचा बल्ब पुरतो.) शिवाय दिवा अख्खी स्लिट (प्रकाश आत घेणारी फट) भरतो, तारा मात्र गायडिंगमध्ये, म्हणजे दुर्बीण त्याच्यामागे फिरताना, एका कडेला लटकतो आणि रेषा तिकडे ओढतो.

तोडगा निघाला हवेतल्या ऑक्सिजनमध्ये. ६८६७ पासूनचा ‘बी’ पट्टा, म्हणजे ऑक्सिजनच्या शोषणरेषांचा पुंजका, ताऱ्याच्याच प्रकाशात उमटतो, त्यामुळे तारा कडेला गेला की पट्टाही जातो. तो वजा केल्यावर स्वातीची घसरण दोन-अडीचशे मी/सेवर आली! दादाला आलेख दाखवला, तर म्हणाला, ‘‘सरळ रेघच हाय की रं!’’ अहो, तेच तर! हवेतल्या वाफेच्या रेषा मात्र वापरू नका; वळीव जवळ आला की त्यांची खोली रोज बदलते.

डब्याला पेल्टियर (विजेवर थंड-गरम करणारी चकती) लावायचा बेत रद्द. माउंट अबूच्या वेधशाळेतल्या ‘पारस’ या वर्णपटमापकासारखं निर्वात पात्र आपल्याला कुठलं परवडायला? थर्मोकोलचं खोकं आणि छोटा हीटर, तापमान गच्चीपेक्षा थोडं वर धरायचं.

आता अडचण ताऱ्याची. हा गडी वेगानं फिरतो, रेषा १५ किमी/से फाकलेल्या, आणि बी पट्ट्याशेजारी कामाच्या रेषा मोजक्याच. थांबा, लिहिताना सुचलं: ६२८० पाशी ऑक्सिजनचा गॅमा पट्टा आहे की! फिका आहे, पण दोन्ही बाजूंना लोखंडाच्या रेषांची गर्दी, नियॉनही भरपूर. ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फाकवणारी जाळी) उद्याच तिकडे फिरवतो. ५१ पेगासी या ताऱ्याच्या ग्रहाचं विचारणाऱ्यांना: तिथं ताऱ्याची हालचाल जेमतेम ५६ मी/से आहे, इतक्यात विचारू नका.