तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातही झाड जिवंत हवं

नाशिक महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलात वृक्षकराची ओळ असते. गंगापूर रोडचा बंगलेवाला तो भरतो आणि अंबडमधला दोन खोल्यांचा कामगारही भरतो. सावलीची वाटणी मात्र तशी होत नाही.

म्हणून रस्त्याकडेला झाडं लावताना आधी जागा ठरवावी ती दुपारी बारा ते चार उन्हात कोण उभं असतं ते बघून. मजूर अड्डा, रिक्षा थांबा, भाजीच्या गाड्या, अंगणवाडीचं दार. माणसं जिथे उभी राहतात त्या जागेच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला झाड हवं. पूर्वेला लावलं तर सावली सकाळीच पडून संपते.

झाड निवडतानाही हाच विचार. बहावा सगळ्यांना आवडतो, पण ऐन एप्रिल-मे मध्ये त्याची पानं झडलेली असतात. करंज त्याच सुमारास नव्या पालवीने भरतो. वर विजेच्या तारा असतील तर कांचन लावा, नाहीतर महावितरणची माणसं दरवर्षी शेंडा छाटणार.

खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यायचा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. रोप सहा-सात फुटांचं घ्यावं, दोन फुटांचं रोप शेळ्यांच्या तोंडी जातं. ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या फोटोसाठी घाई नको, पाऊस नीट बसला की लावा. आधाराची काठी सुतळीने सैल बांधायची. नायलॉनची दोरी वर्षभरात सालीत रुतते आणि वरचं झाड वाळत जातं. खोडाभोवती निदान एक मीटर माती मोकळी हवी, पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवू नयेत.

खरा प्रश्न पैशाचा आहे. रोप लावलं की बिल निघत असेल तर मे महिन्यात टँकर पाठवायला ठेकेदाराला कारणच उरत नाही. देखभाल त्याच वस्तीतल्या महिला बचत गटाला तीन वर्षांसाठी द्यावी. पाणी घालण्याची मजुरी दरमहा, किमान वेतनाने. वर दरवर्षी ३१ मे रोजी जिवंत झाडं मोजून जादा रक्कम. सगळाच मोबदला जिवंत झाडावर ठेवला तर जेसीबीने रोप उखडल्याचा भुर्दंड त्या बायकांवर पडेल, आणि हे आम्हाला सरळ अन्यायाचं वाटतं.

शंभर झाडांना प्रत्येकी वीस लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे चार हजार लिटर. पाच हजार लिटरचा एक टँकर आठवडाभर पुरतो. तपोवन, चेहेडी, पंचकच्या मलजल शुद्धीकरण केंद्रांतलं प्रक्रिया केलेलं पाणी त्यासाठी वापरावं, पिण्याचं नको.

सावली आली की रस्त्याला भाव येतो, आणि मग सुशोभीकरणाच्या नावाखाली हातगाडीवाल्यांनाच उठवलं जातं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात, त्यांत एक तृतीयांश महिला. तेव्हा आधी हातगाड्यांची नोंद आणि समितीचा ठराव, मगच कुदळ. करंजाची झाडं सहा मीटरवर घेतली तर दोहोंच्या मधे दोन हातगाड्या आरामात बसतात. नकाशात त्यांच्या जागा झाडांबरोबरच आखून घ्याव्यात.