वर गेल्यावर काय दाखवता?

“तुमी लोकं उपास करत नाई, नवस बोलत नाई, वारी नाई. मंग वर गेल्यावर का दाखवता जी?”

आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या एका आजींनी वजनकाट्यापाशी बसून मला हे विचारलं. त्यानंतर हाच प्रश्न बचत गटात आला, हळदीकुंकवाला आला, मुलीच्या मैत्रिणीच्या आईनंही विचारला. कुणाच्याच विचारण्यात खोच नव्हती. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा नीट बसून लिहिते.

माझं माहेर छिंदवाड्याकडचं. त्या मुलखात १८७७ पासून स्वीडनच्या मिशनऱ्यांनी काम केलं, त्यामुळे आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लुथरन, मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाच्या शिकवणीवर चालणारं. सासर नरखेड तालुक्यात, संत्र्याच्या आणि कापसाच्या गावात. इथं जवळची मंडळी सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. १९७० साली नागपुरातच बऱ्याच मंडळ्या एकत्र येऊन ती उभी राहिली, लुथरन मात्र त्यात नव्हते. मी रविवारी तिथंच उपासनेला जाते आणि मला ते परकं वाटत नाही. माहेरची एक गोष्ट मात्र सोडली नाही, ती म्हणजे लूथरची लहान प्रश्नोत्तरी, ख्रिस्ती शिकवण सवाल-जवाबात सांगणारी छोटी पुस्तिका. १५२९ साली त्यानं ती घराघरांतल्या लेकरांसाठी लिहिली. आई भाकरी थापता थापता आमच्याकडून पाठ करून घ्यायची. देवाच्या दहा आज्ञांतली एक म्हटली की लगेच तिचा प्रश्न यायचा, “याचा अर्थ काय?”

तर आजींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की वर गेल्यावर दाखवायला आमच्याकडे काही नसतं.

लूथर स्वतः मठात राहणारा साधू होता. उपास, जागरणं, तासन्‌तास पापांची कबुली, सगळं त्यानं केलं. तरी देवाला पुरेल एवढं झालं का, ही धास्ती काही जाईना. मग बायबलमधलं रोमकरांस पत्र वाचताना त्याला उमगलं, की देव ज्या नीतिमत्त्वाबद्दल बोलतो ते माणसानं कमवून आणायचं नाही. ते देवच ख्रिस्तामध्ये फुकट देतो आणि माणूस ते विश्वासानं घेतो. १५१७ साली पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन दिली जात होती, त्याविरुद्ध तो उठला. पण त्याच्या मनातलं खरं भांडण त्या धास्तीशीच होतं, असं मला वाटतं.

हे मला पुस्तकात कळलं नाही, आईच्या खाटेशी कळलं. शेवटचे चार महिने ती अंथरुणावर होती. प्रभूची प्रार्थना अर्ध्यात विसरायची. एका रात्री माझं मनगट धरून म्हणाली, “माझ्यानं आता प्रार्थनाही होत नाही गं. विश्वास तरी उरला का माझा?” तिनंच पाठ करून घेतलेलं मी तिला म्हणून दाखवलं. मी माझ्या बुद्धीनं किंवा बळानं प्रभू येशूवर विश्वास ठेवू शकत नाही, त्याच्याकडे येऊ शकत नाही. पवित्र आत्म्यानं मला सुवार्तेद्वारे बोलावलं आहे. ती ओठ हलवत ऐकत राहिली. मनगट काही तिनं सोडलं नाही, पण पकड सैल झाली. विश्वाससुद्धा आपल्या जिवावर टिकवायचा असता, तर त्या रात्री तिच्याजवळ काय होतं? लहानपणी तिच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, तेव्हाही ती काही करू शकत नव्हतीच.

“मग चांगलं कशाला वागायचं?” हा पुढचा प्रश्नही ठरलेला. १५२० साली लूथरनं लिहिलं, की ख्रिस्ती माणूस सगळ्यांपासून मोकळा आहे, कुणाचा ताबेदार नाही. आणि तोच ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक आहे. दोन्ही खरं. देवाला माझ्या पुण्याची गरज नाही, शेजारणीला माझ्या हाताची आहे. गाईचं दूध काढणं, लेकराचे लंगोट धुणं, मजुरीचा हिशेब चोख ठेवणं, ही सगळी देवाचीच कामं. यातल्या एकाचीही पावती मला पुढं न्यायची नाही, म्हणून ती मनापासून करता येतात. कधी होत नाहीत, चुकतात. मग क्षमा मागून परत करायची.

आजींना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. संध्याकाळ झाली होती, बायका आपापली गाठोडी घेऊन काट्यापाशी रांगेत होत्या. मी वहीत किलो लिहीत होते. मी त्यांना येशूनं सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. मालकानं सकाळी मजूर लावले, दुपारी लावले, दिवस बुडायला तासभर असतानाही लावले, आणि शेवटी सगळ्यांच्या हातावर दिवसाची पुरी रोजी ठेवली.

“हे तं बराबर नाई,” आजी पटकन म्हणाल्या. “दिवसभर उन्हात राबलं त्याचं का?”

मी म्हटलं, आजी, त्या मजुरांनीही हेच विचारलं. मग उशिरा आलेल्यांबद्दल सांगितलं. ते काही घरी झोपले नव्हते. चौकातच उभे होते. दिवसभर का उभे राहिलात, असं मालकानं विचारलं तर म्हणाले, आम्हांला कुणी कामावर लावलंच नाही.

आजी गप्प झाल्या. बोंडांच्या टोकांनी फाटलेली बोटं पदरात गुंडाळत राहिल्या. त्यांचं गाठोडं काट्यावर चढलं, सतरा किलो. तरण्या बायका चाळीसच्या पुढं होत्या.

“मले बी आजकाल कोणी नेत नाई, सूनबाई,” त्या म्हणाल्या. “सकाळी पारावर बसून राह्यतो मी.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “त्याले बी पुरी देल्ली?”

“पुरी दिली,” मी म्हटलं.