एईबी सिम्युलेशनवर तपासताना: पाऊण सेकंदाचा हिशोब

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, म्हणजे एईबी, सिम्युलेशनवर तपासायला घेतली की मी सोप्या केसपासून सुरुवात करत नाही. पुढे उभी असलेली गाडी बघून थांबणं बहुतेक सॉफ्टवेअरला जमतं. मी आधी युरो एनकॅपची (युरोपात नव्या गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणारी संस्था) लहान मुलाची केस लावतो: कडेला दोन गाड्या उभ्या, त्यांच्या आडून मूल ताशी ५ किमी वेगाने रस्त्यात धावत येतं, धडक गाडीच्या तोंडाच्या बरोबर मध्यावर.

सिम्युलेटर उघडण्याआधी कागदावर गणित. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. उभ्या गाड्या आपल्या बाजूपासून १ मीटरवर, आपली गाडी १.८ मीटर रुंद. आडोशातून बाहेर आल्यावर मुलाला १ मीटर आणि गाडीची अर्धी रुंदी, म्हणजे १.९ मीटर जायचंय, त्याला लागतात १.३७ सेकंद. तेवढ्यात गाडी १५.२ मीटर जाते. दर सेकंदाला ९ मीटर प्रति सेकंद या दराने वेग उतरला, तर थांबायला ६.९ मीटर लागतात. उरले ८.३ मीटर, म्हणजे ०.७५ सेकंद. कॅमेऱ्याने ओळखणं, ट्रॅकरची (दिसलेल्या वस्तूचा माग ठेवणारा भाग) खात्री पटणं, ब्रेकचा दाब चढणं, सगळं एवढ्यातच.

म्हणून पहिल्या रनमध्ये गाडी मुलाच्या ८ मीटर अलीकडे थांबली, तर पार्टी करू नका. सेन्सर मॉडेल सिम्युलेटरकडून थेट उत्तरपत्रिका वाचतंय आणि ब्रेक शून्य वेळात लागतोय, एवढाच त्याचा अर्थ.

ब्रेकचं मॉडेल मी खऱ्या गाडीच्या मोजणीवरून बसवतो. ब्रेकची मागणी (किती ब्रेक लावायचा हा यंत्रणेचा हुकूम) एकदम वाढवायची आणि चारही चाकांचा दाब नोंदवायचा. दाब हलेपर्यंतचा मृत वेळ आणि त्यानंतरची चढण वेगळी ठेवायची; दोन्ही एकाच फिल्टरमध्ये (सिग्नल सावकाश बदलू देणारं गणित) कोंबलं की कमी वेगाला जुळतं, जास्त वेगाला चुकतं. मोजताना ब्रेकचं तापमान ६५ ते १०० अंश सेल्सिअस ठेवतो, यूएन रेग्युलेशन १५२, म्हणजे एईबीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाच्या चाचणीतही तेच आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड मात्र ड्रायव्हर मॉडेलची, म्हणजे सिम्युलेशनमधल्या चालकाची. त्याला ताशी ४० धरून ठेवायला सांगितलेलं असतं. एईबीने ब्रेक लावला, वेग पडला, की हा इमानदारीत ॲक्सिलरेटर दाबतो. यंत्रणेला वाटतं चालकाला पुढेच जायचंय, आणि ती ब्रेक सोडते. आलेखात मंदन (वेग उतरण्याचा दर) मध्येच कोसळलेलं दिसलं की मी अल्गोरिदमला हात लावण्याआधी पेडलचा सिग्नल बघतो. ब्रेकची मागणी आली की ॲक्सिलरेटर सुटला पाहिजे. त्याआधी सुटला तर इंजिन ब्रेकिंगने निकाल फुकटात सुधारतो.

दुसरी चूक सुरुवातीची. धडकेला जेमतेम दोन सेकंद असताना रन सुरू केला तर फिल्टर स्थिरावलेलेच नसतात. निदान ४ सेकंद आधीपासून गाडी एका वेगात, सरळ रेषेत हवी.

मग पसारा मांडायचा: ताशी १० ते ६० किमी, ५-५ च्या टप्प्याने ११ वेग; मुलाचे ३ वेग, धडकेच्या ३ जागा, रस्त्याची ३ घर्षणं. झाले २९७ रन. पास-नापास न मोजता धडकेचा वेग नोंदवतो. जिथे तो शून्यावरून उसळतो, तिथे १-१ किमीने बारीक विंचरायचं. रस्त्यावरची लोखंडी प्लेट आणि वरची कमान या केसमध्ये मात्र ब्रेक लागताच कामा नये.

खरा कॅमेरा काळ्या पेटीत, सिम्युलेशनचं चित्र दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर लावायचा असेल, तर मध्ये भिंग लागतं, कारण त्याचा फोकस दूरवर असतो. स्क्रीनचा रिफ्रेश आणि कॅमेऱ्याचे फ्रेम जुळले नाहीत, तर चित्र लुकलुकतं आणि मूल मधूनच गायब होतं.

शेवटी त्याच केस दोन-तीन वेगांना ट्रॅकवर मऊ पुतळ्यासमोर. दोन्ही आलेख ब्रेक मागणीच्या क्षणावर जुळवून ठेवायचे. धडकेला किती वेळ बाकी असताना मागणी आली यात फरक दिसला तर सेन्सर मॉडेल बघायचं, मागणीनंतरच्या रेषेत दिसला तर ब्रेक.