गोरेच्या बोटीत सेम्बेन

सेनेगलची राजधानी डाकार. तिथल्या धक्क्यावरून गोरे नावाच्या बेटाकडे बोट सुटली आणि शेजारच्या बाईने पहिल्या दोन मिनिटांत माझं नाव विचारून घेतलं. "बेटावर माझं दुकान आहे ताई, दुसरीकडे घेऊ नका हं!" वीस मिनिटांचा तर प्रवास. तेवढ्यात मनगटात मण्यांची माळ चढलीसुद्धा.

मी आले होते सेनेगलचा लेखक-दिग्दर्शक उस्मान सेम्बेन याच्यामुळे. मार्सेच्या गोदीत हमाली करता करता हा माणूस कादंबरीकार झाला. पहिली कादंबरी १९५६ची, गोदी कामगारावरच. पण लिहायचा फ्रेंचमध्ये, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचा त्यांतल्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हतं. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला. त्याचा १९६६चा सिनेमा माझ्या डोक्यातून जात नाही. जुआना नावाची मुलगी याच शहरातून फ्रान्सला घरकामाला जाते आणि तिथल्या फ्लॅटमध्ये कोंडली जाते. शेवटी न्हाणीघरात जीव देते. गोष्ट बेतलेली वर्तमानपत्रातल्या बातमीवर. त्यात एक प्रसंग आहे: डाकारच्या रस्त्याकडेला कामासाठी बसलेल्या बायका, आणि गॉगल लावलेली मडम त्यांतून एक निवडते. आपला मजूर नाकाच!

बेटावरचं 'गुलामांचं घर', म्हणजे जहाजाने पाठवायच्या गुलामांना जिथे कोंडून ठेवत असं सांगतात ते, गेरूच्या रंगाचं. दोन बाजूंनी वळत वर जाणारा जिना, वर हवेशीर खोल्या, खाली कोठड्या. एकीवर फ्रेंच पाटी, 'मुलं'. आत वाकून गेले. हवेला वाट म्हणून भिंतीत उभी चीर, तळव्याहून अरुंद. समोर थेट समुद्रात उघडणारं ते प्रसिद्ध दार. इथून गेलेला परतला नाही, असं गाईड सांगतो आणि सगळे गप्प होतात. दाराखाली नुसते काळे खडक. तिथे जहाज कसं लागणार, आणि या घरातून नेमके किती जण गेले, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. मला मात्र वेगळंच खुपत होतं. हे घर अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं ते पेपँ या मिश्रवंशीय कुटुंबाने. म्हणजे मालक निव्वळ परके नव्हते.

सेम्बेन नेमकं इथेच बोट ठेवतो. 'चेड्डो' (१९७७) या त्याच्या सिनेमात गोरा व्यापारी जवळजवळ बोलतच नाही. बंदुका आणि दारू मांडून नुसता बसलेला असतो. माणसं आणून देतात ती गावचीच. राजदरबार, इमाम, कुणालाच सेम्बेन सोडत नाही. सेनेगलमध्ये सिनेमावर बंदी आली, आणि अधिकृत कारण काय, तर नावात 'ड' एक की दोन! तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः कवी. ऱ्हस्व-दीर्घावरून मित्र तोडणाऱ्या आपल्या लोकांनाही हे सुचलं नसतं.

संध्याकाळच्या बोटीत दुकानवाली परत भेटली. माळेचे पैसे चुकते केले. इंडिया म्हटल्यावर शाहरुख खानवर पाच मिनिटं गेली. मग जरा जवळ सरकून तिने हळूच विचारलं, "माझी धाकटी बहीण आहे, एकोणीस वर्षांची. तुमच्याकडे घरात कामाला मुलगी लागते का?"

"मुंबई फार लांब आहे," मी म्हटलं.

"लांबच जायचंय तिला," ती म्हणाली. तेवढ्यात धक्का आला, आणि उतरायची घाई झाली.