शिकवणीचे वेळापत्रक आणि हनोईचे फुटपाथ

हनोईत इंग्रजी शिकवत असताना मी जी छायाचित्रे काढली, ती आज गोव्यातल्या माशेल गावी, घरी बसून पुन्हा पाहताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांचा आराखडा माझ्या शिकवण्याच्या वेळापत्रकाने ठरवला होता. व्हिएतनाममधल्या खासगी भाषा केंद्रांत वर्ग भरतात ते शाळा आणि कचेऱ्या सुटल्यावर, संध्याकाळी; शनिवार-रविवारी तर सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवावे लागते. त्यामुळे लोक नटूनथटून होआन किएम तलावाकाठी फिरायला येतात, ती सुटीची वेळ माझ्या वाट्याला क्वचितच आली. मला मिळाल्या त्या आठवड्याच्या मधल्या सकाळी, जेव्हा सगळे शहर आपापल्या कामाला लागलेले असते. दैनंदिन जीवनाची छायाचित्रे काढायची असतील तर याहून चांगली सोय असू शकत नाही, असे माझे मत आहे. पर्यटक चार दिवसांत चाळीस जागा पाहतो. शिक्षकाला एकाच गल्लीतून, ठरलेल्या वेळी, महिनोन्महिने जावे लागते, आणि या सक्तीतूनच दृष्टी तयार होते.

हनोईचे जगणे फुटपाथवर घडते. घरे रुंदीला अगदी कमी आणि आत लांबच लांब असल्यामुळे स्वयंपाक, भांडी, गप्पा, मुलांचा अभ्यास, सगळेच दारासमोर येते. सकाळी गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून लोक ‘फो’ (तांदळाच्या शेवयांचे सूप) खातात, दुपारच्या सुमारास त्याच जागी कोळशावर मांस भाजले जाऊ लागते आणि ‘बुन चा’चा, म्हणजे शेवयांबरोबर खायच्या त्या भाजलेल्या मांसाचा, धूर गल्लीभर पसरतो, उन्हे कलली की तिथेच बर्फ घातलेल्या चहाचे दुकान मांडले जाते. कुठे भिंतीला आरसा टांगून न्हावी खुर्ची मांडून बसलेला असतो, तर कुठे खांद्यावर कावड घेतलेल्या बाया फळे विकत हिंडतात. एकाच जागेचे हे वेगवेगळ्या प्रहरांतले रूप टिपावे, असे मी सुरुवातीपासून ठरवले आणि त्यासाठी बदलता न येणाऱ्या भिंगाचा एक छोटा कॅमेरा पुरेसा झाला. मोठे भिंग लावून दुरून टिपणे मला पटत नाही. समोरच्या माणसाला आपण दिसलो पाहिजे, त्याने मान हलवून नको म्हटले तर ते आपल्याला कळले पाहिजे, एवढे अंतर मी कायम ठेवले.

उजेडाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण गोव्यात कॅमेरा हाताळायला शिकलेल्या माणसाला तिथे सगळे नव्याने जुळवून घ्यावे लागते. आपल्याकडे एप्रिलमध्ये नऊ वाजताच ऊन इतके प्रखर होते की चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात जातो. हनोईत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आकाश दिवसचे दिवस राखाडी असते, बारीक भुरभुर चालू राहते आणि सावलीच पडत नाही. त्या मऊ उजेडात माणसांचे चेहरे फार सुंदर दिसतात. दमट हवेचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. तिथे वसंतात फरशीला आणि भिंतींना अक्षरशः घाम फुटतो. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून तिथले छायाचित्रकार विजेवर चालणारे कोरडे कपाट वापरतात आणि आतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखतात. गोव्यातल्या चार पावसाळी महिन्यांसाठीही हाच उपाय उत्तम आहे; कपाट परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात.

माझ्या गल्लीच्या तोंडाशी फो विकणाऱ्या एक बाई होत्या. वयाने माझ्या मावशीएवढ्या. त्यांचे भांडी घासतानाचे एक छायाचित्र मला मनापासून आवडले होते: मागे वाफ, पुढे पितळी रंगाचे पाणी, आणि मान किंचित वळवून कोणाशी तरी बोलत असलेल्या त्या. मी ते छापून नेऊन दिले. त्यांनी ते पाहिले, जपून बाजूला ठेवले आणि माझ्या एका विद्यार्थिनीमार्फत मला सांगितले की तेत आले की आपण लाल ‘आव याय’ हा पारंपरिक लांब पोशाख घालणार आहोत, तेव्हा या. तेत म्हणजे त्यांचे चांद्र नववर्ष. त्या दिवशी त्या केस बांधून, मोत्यांची माळ घालून, खुर्चीवर ताठ बसल्या आणि कॅमेऱ्याकडे गंभीरपणे पाहत राहिल्या. आपल्या घरांतून लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेली जी जुनी जोडछायाचित्रे भिंतीवर असतात, त्यांत आजी-आजोबा अगदी याच मुद्रेने बसलेले दिसतात. माणसाला आपले कोणते रूप टिकावेसे वाटते, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या माणसाचा आहे, हे मी त्या बाईंकडून शिकले. भांडी घासतानाचे चित्र माझ्या संग्रहात आहे, पण ते मी कधी प्रसिद्ध केलेले नाही. लाल पोशाखातले मात्र त्यांच्या अनुमतीने अनेकांना दाखवले आहे.

या छायाचित्रांचा खरा उपयोग झाला तो प्रौढांच्या वर्गात. व्हिएतनामी भाषेत काळानुसार क्रियापदाचे रूप बदलत नाही. काळ दाखवायचा तो स्वतंत्र शब्दाने. त्यामुळे रोज होणारी क्रिया आणि या क्षणी चाललेली क्रिया यांसाठी इंग्रजीत क्रियापदाची दोन वेगळी रूपे का लागतात, हे नुसत्या नियमाने त्यांच्या गळी उतरत नसे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत इंग्रजी घरातला नाश्ता आणि लाल दुमजली बस असायची. मी त्याऐवजी लाँग बिएन पुलाचे छायाचित्र फळ्याशेजारी लावले. हा पूल १९०२ साली पुरा झाला, त्याच्या मधून आगगाडी जाते आणि दोन्ही कडांनी दुचाकी आणि पायी माणसे. वर्गातले निम्मे लोक त्यावरून रोज ये-जा करणारे. या चित्रातली बाई आता काय करते आहे, आणि ती रोज काय करते, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी एकमेकांना दुरुस्त करत, हसत दिली. पुढे तेच आपल्या मोबाइलमध्ये स्वतःच्या घराची, दुकानाची, आईच्या स्वयंपाकाची छायाचित्रे घेऊन येऊ लागले आणि परक्या बाईला आपले घर समजावून सांगण्याच्या ओढीने मोठी मोठी वाक्ये बोलू लागले. शिक्षिका म्हणून मला मिळालेला याहून मोठा आनंद मला आठवत नाही.

लहान मुलांच्या वर्गात मात्र मी कॅमेरा बाहेर काढला नाही. व्हिएतनाममध्ये शिक्षकाला फार मान असतो. २० नोव्हेंबर हा शिक्षकदिन, त्या दिवशी विद्यार्थी फुले घेऊन येतात. ज्या बाईंपुढे उभे राहून नमस्कार करायचा, त्या बाईंना आठ वर्षांचे मूल नाही कसे म्हणणार? म्हणून त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही. कायदाही याच बाजूने आहे. तिथल्या २०१५ च्या नागरी संहितेनुसार कोणाचीही प्रतिमा वापरायला त्या व्यक्तीची संमती लागते, आणि २०१६ च्या बालकायद्यानुसार मुलाची खासगी माहिती उघड करायची तर पालकांबरोबर सात वर्षांवरील मुलाचीही संमती लागते. परदेशात शिकवणारे अनेक जण आपल्या वर्गातल्या गोंडस मुलांची चित्रे जगभर दाखवतात. मला ते गैर वाटते. आपल्या मुलांची छायाचित्रे एखाद्या पाहुण्या शिक्षकाने अशी पसरवली असती तर आपण काय म्हटले असते?

हा प्रश्न मला सहज पडला, कारण मी गोव्याची आहे. आपण कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला आयुष्यभर उभे आहोत. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकी-कृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो हा चिखलातला खेळ खेळला जातो. अलीकडे त्या दिवशी गावकऱ्यांच्या बरोबरीने कॅमेरे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी एकही उरत नाही. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये आपल्याच पायऱ्यांवर परके लोक छायाचित्रासाठी बसलेले पाहून रहिवाशांनी फोटो काढू नये अशा पाट्या लावल्या. माडांच्या रांगांमधून जाणाऱ्या रस्त्यावर इतकी गर्दी होऊ लागली की पर्रा पंचायतीने २०१९ मध्ये फोटो काढण्यावर शुल्कच लावले. टीका झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी हनोईच्या प्रशासनाने रुळांना लागून असलेल्या एका वस्तीतली कॅफे बंद करण्याचा हुकूम काढला, कारण धावत्या गाडीसमोर छायाचित्र काढणाऱ्यांची गर्दी धोक्याची झाली होती. ती बातमी वाचताना मला पर्रा आठवले.

माशेलला परतल्यावर मी तीच पद्धत इथे लावली आहे. सकाळी भोंपू वाजवत सायकलवरून येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, बाजारात अबोलीचे गजरे घेऊन बसणाऱ्या बाया, संध्याकाळी देवळात भजनाला जमणारी मंडळी, नाटकाच्या तालमीत संवाद पाठ करणारे आमचे शेजारी. ही सगळी मला जन्मापासून ओळखतात, त्यामुळे परवानगी मागताना उलट अधिक संकोच वाटतो. पण मी मागते, आणि छापील प्रत नेऊन देते. प्रत्येक प्रतीच्या मागे पेन्सिलीने मराठीत टिपण लिहिते: नाव, तारीख, काम कोणते चालले होते, त्या दिवशी गजऱ्याचा भाव काय होता, पावाचा भाव काय होता. हनोईच्या चित्रांवर अशी टिपणे मी पहिल्या महिन्यापासून ठेवली होती, म्हणून आज त्यांतली बहुतेक माणसे मला नावाने सांगता येतात. ती नावे मी इथे लिहिणार नाही. माशेलच्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे झाले तर ते आधी माशेललाच भरेल, आणि कोणाला आपले चित्र काढून घ्यावेसे वाटले तर ते भिंतीवरून त्याच क्षणी उतरेल.