केव्हीएमवर मशीन बदललं की माऊस पिसाळतो

काकांच्या ऑफिसात दोन मशीन आहेत, एक विंडोजवालं ज्यावर टॅली चालतं आणि दुसरं जुनं डेबियनवालं (म्हणजे लिनक्स) बॅकअपसाठी, आणि दोघांत मिळून एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड, एकच माऊस, मधे केव्हीएम स्विच, म्हणजे बटण दाबलं की हे सगळं एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणारा डबा. कीबोर्ड-माऊस दोन्ही पीएस टू, ते जांभळ्या-हिरव्या गोल पिनवालं जुनं कनेक्शन. तक्रार काय तर लिनक्सवर आलं की कर्सर कोपऱ्यात जाऊन आदळतो, मेनू आपोआप उघडतात, कीबोर्ड मात्र ठणठणीत.

काका म्हणाले, "अरे नवीन माऊस आणून टाक ना." म्हटलं थांबा काका, आधी थेट लावून बघू. मशीन बंद करून (पीएस टू चालू मशीनला लावत जाऊ नका) माऊस थेट लावला तर मस्त चालला, म्हणजे माऊस निर्दोष.

मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग काढला, तिथे पीएसमाऊस ड्रायव्हर (माऊसशी बोलणारा प्रोग्राम) बोंबलत होता की सिंक, म्हणजे माऊसशी जुळलेला ताल, गेलंय, बाईट फेकून देतोय. खरी गोम इथे आहे. साधा पीएस टू माऊस एका पॅकेटात 3 बाईट पाठवतो, व्हीलवाला 4, पण स्वतःहून नाही, ड्रायव्हरने सॅम्पल रेट (माऊसने सेकंदाला किती वेळा माहिती पाठवायची तो आकडा) ओळीने 200, 100, 80 असा सेट केला की मगच माऊस आपला आयडी 0 ऐवजी 3 सांगतो आणि चौथा बाईट सुरू करतो. ही बोलणी होतात मशीन सुरू होताना. आणि आमचा स्विच असा की बटण दाबलं की माऊस रीसेट, परत 3 बाईटवर! लिनक्स बिचारं चौथ्याची वाट बघत बसतं, मग पुढच्या पॅकेटचा पहिला बाईट व्हील म्हणून वाचला जातो आणि हालचालीचा आकडा बटण म्हणून, त्यातूनच ते भुताटकी क्लिक. विंडोजलाही झटका बसायचा पण ते आपलं आपण सावरायचं.

तात्पुरता इलाज म्हणजे पीएसमाऊस मॉड्यूल (तोच ड्रायव्हर) काढून परत लोड करायचं. कायमचा म्हणजे मॉड्यूलच्या ऑप्शनमधे प्रोटो बेअर (म्हणजे साधा 3 बाईटवाला माऊस) करून टाकायचं, मग लिनक्स 4 मागतच नाही, पण व्हील जातं. रीसिंक टाईम नावाचाही एक ऑप्शन आहे, माऊस थोडा वेळ पडून राहिला की ड्रायव्हर सिंक परत तपासतो, व्हील हवंच असेल तर आधी तो लावून बघा. काकांना बॅकअपच्या मशीनवर काय स्क्रोल करायचंय, बेअर ठेवलं.