तापातले झटके आणि रिपोर्टातलं सोडियम

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लहान मुलांचा दवाखाना चालवते. तापात झटके आलेल्या लेकराच्या रक्तातल्या सोडियमच्या (म्हणजे मिठातल्या घटकाच्या) रिपोर्टावर १३२ (लिटरला मिलीमोल) दिसलं की आजीचा प्रश्न ठरलेला: "मीठ कमी पडलं म्हणून फिट आली का हो?"

बहुतेक वेळा नाही. तापात शरीर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे १३५ ते १४५ असणारं सोडियम दोन-चार अंकांनी उतरतं. झटके न आलेल्या तापाच्या मुलांतही ते उतरलेलं असतं. सोडियममुळेच झटके आले असतील तर आकडा सहसा १२५च्या खाली असतो. १३२ला मीठ-पाणी पाजायची गरज नाही.

लेकरू ६ महिने ते ५ वर्षांचं, झटका सर्वांगाला, १५ मिनिटांच्या आत थांबलेला, २४ तासांत एकदाच, आणि नंतर लेकरू आईला ओळखतंय, तर मी सोडियम मागवतच नाही. ताप कशाचा ते शोधते. बोटाला टोचून साखर मात्र लगेच बघते.

जुलाब-उलट्या असतील, झटका लांबला असेल किंवा लेकरू तासाभरानंतरही सुस्त असेल, तर सोडियम हवंच. आमच्याकडे मे महिन्यात अशी लेकरं जास्त. पहिला प्रश्न विचारते, काय काय पाजलं? लिटरची ओआरएसची पुडी दोन लिटरमध्ये कालवलेली असते, नाहीतर नुसतं ग्लुकोजचं पाणी चालू असतं. नीट कालवलेल्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलीमोल सोडियम असतं, ग्लुकोजच्या पाण्यात जवळपास काहीच नाही. उलट, अख्खी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर सोडियम चढतं, तेही घातकच. रक्त घेताना सलाईन लावलेला हात सोडून दुसऱ्या हाताचं घ्यावं, नाहीतर आकडा खोटा येतो.

आकडा खरंच १२५च्या खाली आणि झटके चालू, तर ३ टक्के सलाईन, किलोमागे ३ ते ५ मिली, १० ते २० मिनिटांत. झटका थांबला की घाई संपली. सोडियम भराभर वाढवलं तर मेंदूला इजा होते. पुढच्या सलाईनची बाटलीही बघावी: ०.९ टक्क्यांत लिटरला १५४ मिलीमोल सोडियम, ०.१८ टक्क्यांत जेमतेम ३०. दुसरीने आकडा आणखी घसरतो.

घरी झटका आला तर लेकराला कुशीवर घ्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, पण त्याने लेकराला आराम पडतो, पुढचा झटका टळत नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ला फोन, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलमचा (झटका थांबवणाऱ्या औषधाचा) स्प्रे नाकात. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या लेकराला २ मिलिग्रॅम: एक फवारा ०.५ मिलिग्रॅमचा असेल तर दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. ताकद बाटलीवर वाचूनच घ्या, आणि लेकराचं वजन वाढलं की फवारे नव्याने लिहून घ्या.